हिवाळ्याआधी घराची डागडुजी : कूलरच्या खिडकीचं काय करता तुम्ही?

परतलेली_नागपुरी | ३० ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. चौदा वर्षं बंगलोरला काढून मे महिन्यात नागपूरला परत आले. त्रिमूर्तीनगरला आईचं घर आहे, १९८९ चं बांधकाम, तळमजला आणि वर गच्ची. उन्हाळा कसाबसा काढला, पावसाळा दोन ठिकाणी बादल्या लावून काढला, आणि परवा पहाटे फरशीवर पाय ठेवला तर असा गार लागला की म्हटलं हे काय, दिवाळी आत्ता तर झाली.

मुद्दा असा की हे घर पूर्ण उन्हाळ्यासाठी बांधलंय. उंच छत, वर झरोके, सगळीकडे लादी, मोठमोठ्या खिडक्या. आणि आईच्या खोलीला (उत्तरेकडची खोली आहे) बाहेरून लोखंडी स्टँडवर भला मोठा कूलर बसवलाय, त्याचं तोंड खिडकीत घुसलंय त्यामुळे त्या खिडकीचे पल्ले बाराही महिने लागतच नाहीत. आई म्हणते बाबा असताना हिवाळ्यात गोणपाट लावायचे. आईला ७४ वर्षं झाली, गुडघे दुखतात, थंडीत जास्त दुखतात. मला हे एकदाचं नीट करायचंय. बाकी गीझर जुना आहे, दोन दारं पावसात फुगलीत, एका भिंतीला ओल आहे. कुठून सुरुवात करू? तुम्ही लोक काय काय करता थंडीच्या आधी?

खर्रा_सोडला | ३० ऑक्टोबर, रात्री १०.०५

ताई गोणपाटच लावा, बाप्पा. आमच्याकडे तं कूलरवर जुनी फ्लेक्स टाकतो, नगरसेवकाच्या वाढदिवसाची. चार बाजूनं सुतळी बांधली का झालं काम. पाच वर्षांपासून तोच नगरसेवक आमची थंडी अडवून राहिला.

पुणेरी_जावई | ३० ऑक्टोबर, रात्री १०.३०

नागपुरात थंडी? सासरवाडी नागपूरची आहे म्हणून विचारतोय, हाहा. डिसेंबरात आलो होतो तर दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून फिरत होतो मी.

केतकी_नंदनवन | ३० ऑक्टोबर, रात्री १०.४४

जावईबापू, दुपारी सगळेच फिरतात हो. पहाटे पाचला सासऱ्यांबरोबर अंबाझरीला चक्कर मारायला गेला होतात का? २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश होतं, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतकं खाली कधी आलं नव्हतं. मला तारीख पाठ आहे कारण त्याच आठवड्यात आमचा गीझर गेला होता आणि घरात दोन महिन्यांचं बाळ. सावजी खाऊन रजईत झोपलात म्हणून कळलं नाही तुम्हाला.

पुणेरी_जावई | ३० ऑक्टोबर, रात्री १०.५१

शरणागती. सासऱ्यांना दाखवत नाही हा धागा.

ओळंबा | ३१ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

ताई, मी बांधकामातला माणूस आहे (सिव्हिल, ३१ वर्षं), थोडं लांबेल. फ्लेक्सने पाणी अडतं, वारं पूर्ण अडत नाही. आपल्याकडे थंडी येते ती उत्तरेचं वारं सुटलं की येते, आकाश निरभ्र असलं की रात्री जमीन भराभर गार होते, समुद्र जवळ नाही म्हणून दिवसरात्रीत एवढा फरक. कूलर मुद्दाम उत्तरेला लावतात कारण तिकडे सावली, पण डिसेंबरात तेच भोक वाऱ्याच्या बरोबर तोंडावर येतं. गोणपाट लावा नाही तर आणखी काही, कूलरमधून हवा येण्याला चार वाटा आहेत, तीन बाजूच्या ताट्या (गवताच्या जाळ्या) आणि कूलरच्या चौकटीभोवतीची फट. त्यातली फट सगळ्यात वाईट आणि तीच कोणी बुजवत नाही.

बरोबर उपाय एकच, कूलर स्टँडवर मागे ओढा. साधारण एक फूट मागे गेला की खिडकीचे पल्ले लागतात. स्टँड तेवढा लांब नसेल तर वेल्डरकडून पुढची पट्टी वाढवून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मात्र त्याच्या आधी टाकी पूर्ण रिकामी करा, भरल्या टाकीसकट ओढायला जाल तर स्टँड वाकेल किंवा माणूस वाकेल.

दाराबद्दल, सध्या हात लावू नका. वेगळं लिहितो.

फेज_न्यूट्रल | ३१ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

टाकी रिकामी करण्याबद्दल माझी भर. नुसतं पाणी काढून चालत नाही. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर टाकीच्या कडेला अंडी चिकटवतो आणि ती अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात, पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही पाणी भरलं की बाहेर. त्यामुळे तारेच्या घासणीने कडा खरवडून घासायच्या, मग उन्हात वाळवायच्या. पंप काढून घरात ठेवा, वायर कूलरवर लटकत ठेवू नका. आणि पत्रा वाळला की गंज घासून आतून डांबर पेंट मारून घ्या, हे काम मार्चमध्ये कोणी करत नाही तेव्हा सगळ्यांना घाई असते.

गीझरचं काय मॉडेल आहे, किती वर्षं झाली, पाणी बोरचं का नळाचं?

परतलेली_नागपुरी | ३१ ऑक्टोबर, दुपारी १.२०

अरे वा, इतकी उत्तरं. फेज_न्यूट्रल, गीझर २५ लिटरचा आहे, २००० वॉट, आईच्या म्हणण्याप्रमाणे "तुझ्या लग्नाच्या वेळचा" म्हणजे १६ वर्षं. नळ आहे पण सकाळी कमी दाबाने येतो म्हणून वरच्या टाकीत बोरचं चढवतो. पाणी गरम व्हायला पाऊण तास लागतो आणि मधून मधून आतून खडखड आवाज येतो, कोणी खडे टाकल्यासारखा.

फेज_न्यूट्रल | ३१ ऑक्टोबर, दुपारी २.०५

खडेच आहेत ते. बोरच्या पाण्यातले क्षार तापल्यावर कॉइलवर बसतात, थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही, थराखाली पाणी उकळतं आणि तो आवाज येतो. हिशोब सांगतो. २५ लिटर पाणी २० अंशावरून ५० वर न्यायला साधारण ०.९ युनिट लागतं, २००० वॉटवर ते सव्वीस-सत्तावीस मिनिटांचं काम, चला तीस धरा. तुमचा पाऊण तास घेतोय म्हणजे पंधरा मिनिटांची वीज रोज फुकट.

गीझर उघडून थर काढून घ्या, त्यातच मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, अॅनोड म्हणतात, तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही, सोळा वर्षांत कोणी बदलला नसेल तर तिथे नुसती तार उरली असेल. टाकीलाच गंज चढला असला तर खर्च करू नका, नवा घ्या. आणि सेफ्टी व्हॉल्वमधून थेंब थेंब गळतं म्हणून काही शहाणे तिथे टोपण लावून बंद करतात, तसं कोणी केलंय का ते पाहा. केलं असेल तर तो गीझर आजच बंद करा. जास्तीचा दाब निघून जायची तीच एक वाट असते.

अर्थिंगचा खड्डा कुठे आहे माहिती आहे का? पावसाळा संपला की तिथली माती कोरडी पडत जाते, आणि कोरड्या मातीत अर्थिंग कमजोर होतं. थंडीभर आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी टाका. मेन बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर गीझरच्या आधी ती बसवा, खरंच सांगतो.

वाड्यातला_म्हातारा | ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.४०

आमच्या महाल भागातल्या वाड्यात न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. पहाटे चारला आजी पेटवायची, तुऱ्हाट्या आणि गोवऱ्या. तुरीच्या शेंगा त्याच विस्तवात भाजून आम्ही खायचो, आंघोळ नंतर. त्याला ना अॅनोड ना आरसीसीबी. अर्थात धुराने आजीचे डोळे गेले, तेही खरं.

बोरबद्दल एक. जमिनीतलं पाणी बाराही महिने जवळपास सारखंच असतं म्हणून थंडीत कोमट लागतं. रात्री गच्चीवरच्या टाकीत पडून राहिलं की गार पडतं. आंघोळीच्या वेळेला मोटर लावून ताजं घेतलं तर गीझरला कमी तापवावं लागतं. आमच्याकडे तसंच करतो, मोटरच्या नळावर एक वेगळी लाइन घेतली आहे.

फेज_न्यूट्रल | ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.१२

काका मस्त. पण तेच बोर गीझरमध्ये थर बसवतं, म्हणजे एका हाताने घ्या दुसऱ्याने द्या. बादलीत ताजं बोर आणि गीझरला नळाचं पाणी असं जमलं तर उत्तम.

भरीत_भाकर | ३१ ऑक्टोबर, रात्री ८.५५

गॅस गीझरचं कोणी बोललं नाही अजून म्हणून लिहिते. आमच्या कॉलनीत मागच्या जानेवारीत एक मुलगी आंघोळीला गेली आणि वीस मिनिटं झाली तरी बाहेर येईना, आईने आवाज दिला तर उत्तर नाही, शेवटी दार तोडलं. बेशुद्ध होती. वाचली, देवाची कृपा. बाथरूम छोटं, झरोक्याला थंडी लागते म्हणून पुठ्ठा लावलेला आणि गीझर आतमध्ये.

ओपीडीतून | ३१ ऑक्टोबर, रात्री ९.३०

हे प्रत्येक हिवाळ्यात येतं आमच्याकडे. जळताना हवा पुरेशी मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही वास नाही, रक्तात ऑक्सिजनची जागा घेऊन बसतो. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, आणि माणसाला वाटतं पित्त झालं. बंद दाराआड असला की त्याला उठून कडी काढण्याचंही बळ राहत नाही. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, आत फक्त पाइप. झरोका आहे म्हणून आत लावला तर चालेल का असं मला दर वर्षी विचारतात, नाही चालणार.

तीच गोष्ट शेगडीची. म्हाताऱ्या माणसांना कोळशाची शेगडी खाटेखाली ठेवायची सवय असते, खोली बंद करून. कृपा करून नको.

परतलेली_नागपुरी | ३१ ऑक्टोबर, रात्री ११.१०

डॉक्टर तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का. आजच दुपारी आई म्हणाली, माळ्यावर शेगडी आहे ती काढ, एक पोतं कोळसा आण, खाटेखाली ठेवली की कूलरच्या खिडकीचं काही करायचीच गरज नाही. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाली, "आम्ही काय मेलो का इतकी वर्षं?" मी म्हटलं इतकी वर्षं खिडकीला भोक होतं म्हणून वाचलात. त्यावर दहा मिनिटं बोलली नाही.

खर्रा_सोडला | ३१ ऑक्टोबर, रात्री ११.२५

काकूंचा पॉइंट आहे ना पण. भोकामुळे जगले 😄

ओळंबा | १ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

दारांचं लिहितो म्हटलं होतं. पावसात लाकूड दमट हवा पिऊन फुगतं, चौकटीत घासतं, लोक सप्टेंबरात सुताराला बोलावून रंधा मारून घेतात. मग डिसेंबरात लाकूड वाळून आकसतं आणि दाराच्या कडेला करंगळी जाईल एवढी फट पडते, तिथून रात्रभर वारं. म्हणून थांबा. डिसेंबरच्या मध्यापर्यंत दार आपोआप सैल होतं. तेव्हाही घासत असेल तर बिजागरीचे स्क्रू सैल झालेत का ते आधी बघा, दहापैकी सहा वेळा दार खाली झुकलेलं असतं आणि दोष लाकडाच्या माथी. रंधा मारलाच तर उघड्या पडलेल्या कडेला लगेच रंग किंवा पॉलिश लावा, नाहीतर पुढच्या पावसात परत तेच.

खर्रा_सोडला | १ नोव्हेंबर, सकाळी ९.०२

मी मागच्याच महिन्यात रंधा मारला 😭 तीन दारं.

ओळंबा | १ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

असू द्या. हार्डवेअरच्या दुकानात चिकटणारी फोमची पट्टी मिळते, चौकटीला आतून लावा, आणि दाराखाली रबराची किंवा ब्रशची पट्टी. चौकटीची धूळ आधी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या नाहीतर आठ दिवसांत गळून पडेल आणि तुम्ही पट्टीला शिव्या द्याल.

परतलेली_नागपुरी | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१५

अपडेट. आज रविवार, भावाला आणि शेजारच्या दोन पोट्ट्यांना बोलावून कूलर मागे ओढला. जे निघालं ते ऐका. टाकीत चार बोटं पावसाचं पाणी, त्यात वळवळणाऱ्या अळ्या, म्हणजे आईच्या उशीपासून तीन फुटांवर डासांचा कारखाना चालू होता. डावीकडच्या ताटीत उंदराने घर केलेलं, त्यात बाबांच्या जुन्या मफलरची लोकर, जी आई चार वर्षं शोधत होती. मफलर म्हणजे आता काही उरला नाही, मूठभर निळे धागे. आईने ते धुऊन तुळशीजवळ वाळत घातलेत. का ते विचारलं नाही मी.

टाकीचा तळ एका कोपऱ्यात चाळणीसारखा झालाय. स्टँड वेल्डरने दहा इंच वाढवून दिला, पल्ले लागले! सहा वर्षांनी पहिल्यांदा. कडी बसत नाही पण लागले. आता प्रश्न असा की कूलर ज्या भिंतीला टेकून होता ती आतून बाहेरून ओली आहे, पोपडे निघालेत. पुट्टी मारून रंग देऊ का लगेच? पेंटर म्हणतो दोन दिवसांत करून देतो, नंतर विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या कामाला लागलो की जानेवारीपर्यंत सापडणार नाही म्हणे.

ओळंबा | ३ नोव्हेंबर, रात्री ८.३०

पेंटर खरं बोलतोय, डिसेंबरात अधिवेशन म्हणजे आमदार निवास, रवी भवन, सगळीकडे रंगरंगोटी, माणसं तिकडेच. तरी घाई करू नका. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की ओल आत कोंडते आणि मार्चपर्यंत तो सगळा थर पापडासारखा सुटतो. पोपडे खरवडून भिंत उघडी करा आणि महिनाभर वाळू द्या, आपल्याकडची नोव्हेंबर-डिसेंबरची कोरडी हवा हे काम फुकट करते. सोप्पी परीक्षा, प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, दोन दिवसांनी आतून दव दिसलं तर अजून ओल आहे.

गच्चीचं मात्र आत्ता करा. बादल्या कुठे लागल्या होत्या? कोब्याला तडे असतील. गच्ची झाडून, नाल्याचं तोंड मोकळं करून, तडे उकरून भरून घ्या, आणि मग गच्चीवर दोन इंच पाणी दोन दिवस साठवून खाली छत बघा. लोकांना वाटतं पाऊस गेला आता जूनमध्ये बघू. जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी येतो, कधी गारा घेऊन येतो. आणि भिंतींना तिरके तडे असतील तर त्यावर पेन्सिलने आज तारीख लिहून ठेवा, दोन टोकांना खूण करा. काळी माती पावसात फुगते, वाळली की आकसते, घर तिच्याबरोबर थोडं हलतं. तडा वाढतोय का जुनाच आहे हे त्या खुणेवरून कळेल, त्याआधी कोणालाही पैसे देऊ नका. मी स्वतः या धंद्यात आहे आणि सांगतो, घाबरलेलं गिऱ्हाईक सगळ्यांना आवडतं.

केतकी_नंदनवन | ४ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

ताई मफलरचं वाचून गलबलून आलं.

विषय बदलते. रजया काढल्या का? आमच्याकडे दिवाणातून काढून दोन दिवस कडक उन्हात, पहिल्या दिवशी एक बाजू दुसऱ्या दिवशी दुसरी, आणि काठीने झोडायच्या, मग खोळी. डांबराच्या गोळ्यांचा वास जायला तेवढं ऊन लागतंच. पुढच्या वर्षी गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. जुन्या रजईत कापसाच्या गाठी झाल्या असतील तर ती अंगावर जड लागते पण ऊब देत नाही, कारण ऊब कापसात अडकलेल्या हवेची असते. पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या. आधी आमच्या गल्लीत तो धनुकली टणटण वाजवत यायचा, आता दुकानातल्या मशीनवर घालतात पण काम होतं. कापूस विदर्भाचा आणि रजई आपण मॉलमधून पॉलिस्टरची आणतो, मला तर हसू येतं.

रानमेवा_बेसा | ४ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

आमच्याकडे सोलर हीटर आहे, नळ्यांचा. उन्हाळ्यात बंद ठेवला होता, आता सुरू करायचाय. काही करावं लागतं का का सरळ व्हॉल्व उघडू?

फेज_न्यूट्रल | ४ नोव्हेंबर, दुपारी १.१५

सरळ उघडू नका आणि या वेळी तर मुळीच नाही! रिकाम्या काचेच्या नळ्या उन्हात प्रचंड तापलेल्या असतात, त्यात गार पाणी गेलं की तडकतात. पहाटे किंवा सूर्य मावळून तासाभराने भरा. नळ्यांवरची धूळ पुसा, वरचा एअर पाइप मोकळा आहे का बघा, आणि शेजारचं झाड पावसाळ्यात किती वाढलं ते बघा. आत्ता सूर्य दक्षिणेला कलतो, जूनमध्ये सावली नव्हती तिथे डिसेंबरात येते. गरम पाण्याच्या पाइपावरचा काळा फोम उन्हाने भुगा झाला असेल, तो बदला, नाहीतर पहिली अर्धी बादली गारच येणार.

रानमेवा_बेसा | ४ नोव्हेंबर, दुपारी १.१७

हात व्हॉल्ववरच होता. वाचवलंत भाऊ.

वाड्यातला_म्हातारा | ६ नोव्हेंबर, सायंकाळी ६.००

सूर्य दक्षिणेला कलतो हे वाचून आठवलं. ताई, तुमच्या आईंची खाटच का नाही हलवत? आमच्या वाड्यात कोणाची ठरलेली खोली नसायचीच. उन्हाळ्यात सगळे मागच्या ओसरीत, वाळ्याच्या ताट्या लावून. दसऱ्यानंतर बिछाने पुढच्या सोप्यात, तिथे दिवसभर ऊन यायचं. घर तेच, माणसं आत फिरायची. आता प्रत्येकाला आपापली खोली आणि मग त्या एका खोलीला बाराही महिने सोसायला लावायचं, उन्हाळ्यात गार करा, हिवाळ्यात गरम करा. तुमच्याकडे दक्षिणेची खोली आहे का?

ओळंबा | ६ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४५

काका, एकतीस वर्षं धंदा करून हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. हिशोब असा की आपलं नागपूर साधारण २१ अक्षांशावर, २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४५ अंशावरच असतो म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत लांबपर्यंत येतं, आणि जूनमध्ये तोच सूर्य जवळपास डोक्यावर, छज्जा असला की त्याच खिडकीत ऊन येत नाही. दक्षिणेची खोली म्हणजे फुकटचा हीटर.

परतलेली_नागपुरी | ६ नोव्हेंबर, रात्री १०.२०

आहे ना, दक्षिणेला माझी खोली आहे. माझं ऑफिसचं टेबल, दोन स्क्रीन, सगळं तिथे. आईला विचारलं तर म्हणाली तिथून फाटक दिसत नाही. तिला फाटकाची कडी वाजली की कोण आलं ते खाटेवरून दिसायला पाहिजे. बघते.

पुणेरी_जावई | ७ नोव्हेंबर, सकाळी ९.००

एवढं सगळं करण्यापेक्षा एक रूम हीटर घ्या ना? दोन हजारांत येतो.

फेज_न्यूट्रल | ७ नोव्हेंबर, सकाळी ९.२५

येतो. पण १९८९ च्या वायरिंगवर २००० वॉटचा हीटर आणि २००० वॉटचा गीझर एकाच लाइनवर आले तर सतरा अँपिअरच्या वर जातं, १६ चा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) पडू शकतो, आणि एमसीबीऐवजी जुना फ्यूज असून त्यात कोणी जाड तार घातली असेल तर तार नाही वितळणार, भिंतीतली वायर वितळेल. घ्यायचाच तर तेलाचा घ्या, लाल कॉइलचा नको, म्हाताऱ्या माणसाची शाल त्यावर पडायला वेळ लागत नाही. एक्स्टेन्शन बोर्डवर लावायचा नाही, सरळ १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये. आणि खिडकीला भोक असताना हीटर लावणं म्हणजे गळक्या भांड्यात पाणी भरणं.

परतलेली_नागपुरी | २२ डिसेंबर, रात्री ९.००

दीड महिन्यानंतर येतेय, माफ करा, कामात होते. गीझर उघडला, टाकीला आतून भोक पडायच्या बेतात होतं, नवा घेतला, २५ लिटरच, अठ्ठावीस मिनिटांत पाणी तयार, घड्याळ लावून बघितलं. आरसीसीबी बसवली. इलेक्ट्रिशियनने अर्थिंगचा खड्डा शोधला तर त्यावर आईने गेली सहा वर्षं फरशी टाकून मनीप्लांटची कुंडी ठेवलेली. कुंडी हलवली.

गच्चीचे तडे भरले, पाणी साठवून बघितलं, एका ठिकाणी तरी गळलंच, परत उकरून परत भरलं, आता ठीक. पहिल्या ठेकेदाराने पूर्ण गच्चीला काहीतरी पांढरं रसायन मारायचा साठ हजारांचा आकडा सांगितला होता, प्रत्यक्षात सगळं मिळून साडेअकरा हजारांत झालं. भिंतीच्या तड्यावर पेन्सिलची खूण आहे, हललेला नाही. दारं आपोआप सैल झाली!! सुताराला बोलावलंच नाही.

आणि मुख्य बातमी. थर्मामीटर आणला दोनशे रुपयांचा. पहाटे सहाला उत्तरेची खोली पल्ले बंद करून फोम पट्टी लावून १५.५, दक्षिणेची खोली काहीही न करता १८. हे आकडे आईला दाखवले, ढिम्म. मग भावाने एक आरसा आणला, ट्रकला लावतात तसला गोल, आणि दक्षिणेच्या खिडकीबाहेर असा तिरपा बसवला की खाटेवरून फाटक दिसतं. त्याच रात्री खाट हलली. आता दिवसभर उन्हात पाय सोडून संत्री सोलत बसते आणि कोण आलं ते मला आरशात बघून आधीच सांगते. मी माझ्या दोन स्क्रीनसकट उत्तरेच्या खोलीत कुडकुडत टाइप करून राहिले.

भरीत_भाकर | २२ डिसेंबर, रात्री ९.१८

आरसा!! काकूंना माझा नमस्कार. संत्री आंबिया बहाराची आहेत ना, गोड असतील.

खर्रा_सोडला | २२ डिसेंबर, रात्री ९.४०

माझ्या तीन दारांना पट्टी लावली, आता बंद करताना फुस्स आवाज येते, एसटीच्या दारासारखा. बायको म्हणे तिकीट घेऊ का.

वाड्यातला_म्हातारा | २३ डिसेंबर, सकाळी ८.३०

आरशाची युक्ती आमच्या काळात असती तर आजोबा जन्मभर माजघरातून हलले नसते. छान केलंत.

परतलेली_नागपुरी | १९ फेब्रुवारी, दुपारी ३.०५

धागा वर काढतेय. आज बाहेर ३४ आहे. आई सकाळपासून तीनदा म्हणाली की या खोलीत उकडतं, माझी जुनी खोली मला परत पाहिजे, आणि कूलर कधी पुढे ओढतेस. ओली भिंत वाळली, पुट्टी-रंग झाला. टाकीचा तळ मात्र तसाच चाळणी आहे, डांबर मारायचं राहूनच गेलं.

फेज_न्यूट्रल | १९ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

डांबराने चाळणी नाही भरणार आता, तळाला नवा पत्रा मारून घ्या आणि मग डांबर. याच आठवड्यात, कारण होळी झाली की कूलरवाला फोन उचलत नाही. ताट्या पण आत्ताच घेऊन ठेवा.

परतलेली_नागपुरी | १९ फेब्रुवारी, दुपारी ३.४१

आणि आरसा? आई म्हणते उत्तरेच्या खिडकीला पण लाव, मागच्या गल्लीतलं दिसेल.